साडेअकरा पौंड आणि रानशेतचा विद्यार्थी

बारावीचा निकाल लागला की डहाणू तालुक्यातल्या रानशेतसारख्या गावात आनंद फार वेळ टिकत नाही. पेढे वाटायच्या आधीच कागदांची धावाधाव सुरू होते. जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, रहिवासाचा दाखला, व्यावसायिक अभ्यासक्रमाला जायचे तर जात वैधता प्रमाणपत्र, आधारशी जोडलेले बँक खाते, आणि शेवटी संगणकावर भरायचा अर्ज. तलाठ्याकडून तहसीलला, तहसीलमधून सेतू केंद्राला, तिथून कॉलेजच्या खिडकीशी. एक कागद राहिला तर मूल गुणवंत असूनही अपात्र. शिष्यवृत्तीसाठी कोण पात्र, हा प्रश्न बघायला कारकुनी वाटतो. आमच्या मते तो आमच्या चळवळीच्या मुळाशी असलेला प्रश्न आहे. कारण या देशाला संविधान देणारा माणूसही एकेकाळी पैशांअभावी कॉलेज सोडण्याच्या काठावर उभा होता. महामानव डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे चरित्र आम्ही शेकडो वेळा वाचले, ऐकले, सांगितले. आज ते एका शिष्यवृत्तीधारक विद्यार्थ्याचे चरित्र म्हणून वाचून पाहू.

१४ एप्रिल १८९१ रोजी महू येथे जन्मलेला भीमराव हा सुभेदार रामजींचा मुलगा. रामजी लष्करी शाळेत शिकवणारे, शिक्षणाची किंमत जाणणारे. साताऱ्याच्या शाळेत भीमाला घरून आणलेल्या गोणपाटावर वेगळे बसावे लागे, आणि पाणी शिपायाने वरून ओतले तरच प्यायला मिळे. त्या अपमानासाठी त्याच्याकडे कुणी जातीचा दाखला मागितला नव्हता. बहिष्काराला पुरावा लागत नाही. पुरावा फक्त हक्क मागताना लागतो. ही गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी, कारण पुढे रानशेतला परत गेल्यावर तिची गरज पडणार आहे.

पुढे कुटुंब मुंबईत परळच्या डबक चाळीत आले. एका खोलीत संसार आणि त्याच खोलीत अभ्यास. पेन्शन तुटपुंजी. मुलाला पुस्तक हवे असले आणि हातात पैसा नसला की रामजी लग्न झालेल्या मुलींकडे जात, त्यांचा एखादा दागिना मागून आणत आणि सावकाराकडे गहाण ठेवत. आज ज्याला आपण शैक्षणिक साहाय्य म्हणतो, त्याची सुरुवात भीमरावांच्या बाबतीत बहिणींच्या अंगावरच्या दागिन्यांनी झाली. १९०७ साली एल्फिन्स्टन हायस्कूलमधून भीमराव मॅट्रिक झाले. अस्पृश्य समाजातल्या मुलाने मॅट्रिक होणे ही त्या काळी सभा भरवून साजरी करण्याची घटना होती. सी. के. बोले अध्यक्ष असलेल्या त्या सभेत कृष्णाजी अर्जुन केळुसकर गुरुजींनी स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र भीमरावांना भेट दिले.

एल्फिन्स्टन कॉलेजात प्रवेश मिळाला. इंटरपर्यंत रामजींनी कसेबसे रेटले. मग मात्र पैसा संपला. इथे शिक्षण थांबले असते तर काय झाले असते, याचा विचार प्रत्येक वाचकाने स्वतःशी करावा. पण केळुसकर गुरुजी स्वस्थ बसले नाहीत. त्यांनी या तरुणाला बडोद्याचे महाराजा सयाजीराव गायकवाड यांच्याकडे नेले. सयाजीरावांनी त्यापूर्वीच, १९०६ साली, आपल्या संस्थानभर प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले होते. त्यांनी भीमरावांना काही प्रश्न विचारले, उत्तरांनी त्यांचे समाधान झाले आणि दरमहा २५ रुपयांची शिष्यवृत्ती मंजूर झाली. कॉलेजातले प्राध्यापक मुल्लर पुस्तके देत, कपडे देत. मात्र त्याच कॉलेजात चहापाण्याची सोय पाहणाऱ्या माणसाला भीमरावांच्या हाती पाण्याचा पेला द्यायचीही लाज वाटत होती. पैसा मिळाला तरी जात पाठ सोडत नव्हती. त्या २५ रुपयांवर भीमराव बी. ए. झाले.

१९१३ च्या जानेवारीत ते बडोद्याच्या नोकरीत रुजू झाले आणि थोड्याच दिवसांत वडील आजारी असल्याची तार आली. २ फेब्रुवारी १९१३ रोजी रामजी गेले. ज्याने दागिने गहाण ठेवून मुलाला शिकवले, त्याने मुलाचे पुढचे यश पाहिले नाही. घरचा कर्ता गेला, घरात पत्नी रमाई आणि मोठे कुटुंब. कुणीही अशा वेळी नोकरी धरून बसले असते. पण सयाजीराव त्याच सुमारास अमेरिकेत शिकायला विद्यार्थी पाठवणार होते. भीमरावांनी अर्ज केला. ४ जून १९१३ रोजी बडोदा संस्थानाशी करार झाला. दरमहा साडेअकरा पौंड, मुदत १५ जून १९१३ ते १४ जून १९१६, नेमून दिलेल्या विषयांचाच अभ्यास, आणि शिक्षण संपल्यावर दहा वर्षे संस्थानाची नोकरी. शिष्यवृत्ती होती, पण तिच्या गळ्यात दहा वर्षांचा दोर होता.

कोलंबिया विद्यापीठातली ती तीन वर्षे भीमरावांनी कशी वापरली, हे आज फी भरण्यासाठी झगडणाऱ्या प्रत्येक मुलाने समजून घ्यावे. साडेअकरा पौंडांतून स्वतःचे पोट, पुस्तके आणि घरी पाठवायचे पैसे, असे तीन वाटे होते. पोटाचा वाटा सगळ्यांत लहान. दिवसचे दिवस ग्रंथालयात जात. १९१५ साली एम. ए. झाले. १९१६ च्या मे महिन्यात त्यांनी भारतातील जातींवरचा तो प्रसिद्ध निबंध वाचला, जो आजही जगभरच्या विद्यापीठांत अभ्यासला जातो. मग ते लंडनला गेले. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये अर्थशास्त्र आणि ग्रेज इनमध्ये कायदा, असे दोन्ही अभ्यास सुरू केले.

आणि तिथेच शिष्यवृत्ती संपली. मुदत संपल्याचे सांगून बडोद्याच्या दिवाणांनी त्यांना परत बोलावले. अर्धवट राहिलेला अभ्यास चार वर्षांच्या आत येऊन पुरा करण्याची परवानगी प्राध्यापक एडविन कॅनन यांच्या शिफारशीने मिळाली, पण परत यायला पैसे कुठून आणायचे, याचे उत्तर कुणाकडे नव्हते. ऑगस्ट १९१७ मध्ये ते मुंबईत उतरले. पहिले महायुद्ध चालू होते. पोट मारून जमवलेली त्यांची पुस्तके ज्या जहाजावर होती ते बुडवले गेले. सामानाच्या नुकसानभरपाईचे जे पैसे मिळाले, त्यातूनच बडोद्याच्या प्रवासाचा खर्च निघाला.

बडोद्यात काय घडले ते चळवळीतल्या लहान मुलालाही ठाऊक आहे. कोलंबियाचा पदवीधर, महाराजांच्या दरबारी अधिकारी, पण शहरात राहायला खोली नाही. कचेरीत शिपाई कागद हातात न देता टेबलावर टाकत. पारशी खाणावळीत नाव बदलून मुक्काम केला, तर काठ्या घेतलेला जमाव दारात आला. कामाठीबागेत तासन्‌तास बसून ते मुंबईच्या गाडीची वाट पाहत राहिले. करार पाळायला ते तयार होते. त्यांना राहू द्यायला ते शहर तयार नव्हते. इथे आम्ही एक गोष्ट मोकळेपणाने मांडतो. सयाजीरावांचे ऋण चळवळीने कधी नाकारले नाही आणि नाकारू नये. पण एका चांगल्या राजाची सदिच्छा आणि समाजाने मान्य केलेला हक्क यांत किती अंतर असते, हे त्या बागेतल्या संध्याकाळी बाबासाहेबांना कळून चुकले असेल.

नोव्हेंबर १९१८ मध्ये ते सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक झाले. पगार ४५० रुपये, पण राहणी चाळीतलीच, कारण पैसा साठवायचा होता लंडनसाठी. मार्च १९२० मध्ये नोकरी सोडली. साठवलेली रक्कम, राजर्षी शाहू महाराजांचा हातभार आणि नवल भथेना या पारशी मित्राकडून घेतलेले ५,००० रुपयांचे कर्ज, एवढ्या शिदोरीवर ते जुलै १९२० मध्ये पुन्हा निघाले. लंडनमध्ये अर्धपोटी राहून १९२१ साली एम. एस्सी., १९२२ साली बॅरिस्टर आणि १९२३ साली डी. एस्सी. झाले. इकडे रमाई काटकसरीने घर चालवत होत्या. ज्ञानाच्या त्या प्रत्येक पदवीमागे रमाईंचा उपवास आहे, हे आम्ही कधी विसरू नये.

आता थोडा हिशेब मांडू. बाबासाहेब शिकले ते कुणाच्या बळावर? वडील आणि बहिणींच्या त्यागावर, पत्नीच्या कष्टावर आणि स्वतःच्या असामान्य जिद्दीवर. त्याशिवाय चार माणसे योग्य वेळी आडवी आली म्हणून: केळुसकर गुरुजी, सयाजीराव महाराज, शाहू महाराज आणि भथेना. यातला एक जरी वेळेवर भेटला नसता तर? आणि त्याच काळात खेड्यापाड्यांत अशी किती मुले असतील, ज्यांना एकही केळुसकर गुरुजी भेटले नाहीत? त्यांची चरित्रे कुणी लिहिली नाहीत, कारण ती चौथीतच संपली.

आमच्या मते बाबासाहेबांच्या पुढच्या आयुष्यातले एक मोठे काम या प्रश्नाचे उत्तर शोधण्यात गेले. योगायोगाने भेटणाऱ्या उपकारकर्त्याची जागा कायद्याने आणि सरकारी तिजोरीने घ्यावी, हे ते उत्तर. बहिष्कृत हितकारिणी सभेची स्थापना १९२४ ची, आणि ४ जानेवारी १९२५ रोजी सोलापुरात सभेचे वसतिगृह सुरू झाले. १९२८ साली डिप्रेस्ड क्लासेस एज्युकेशन सोसायटी स्थापन करून सरकारी अनुदानावर पाच वसतिगृहे उभी केली. मुलगा हुशार आहे एवढे पुरत नाही. त्याला झोपायला जागा आणि दोन वेळची भाकर लागते, हे परळच्या एका खोलीत वाढलेल्या माणसाला कुणी शिकवायची गरज नव्हती.

याच १९२८ साली मुंबई सरकारने स्टार्ट समिती नेमली. तिच्या नावातच दोन समाज होते: दलित वर्ग आणि आदिवासी जमाती. बाबासाहेब तिचे सदस्य होते, डॉ. पी. जी. सोळंकी होते, ठक्करबाप्पा होते. त्या वेळी डहाणू हा मुंबई इलाख्यातल्या ठाणे जिल्ह्याचा तालुका. म्हणजे रानशेतच्या वारल्याचा प्रश्न आणि कोकणातल्या महाराचा प्रश्न एकाच समितीच्या टेबलावर आला होता. याच समितीच्या कामासाठी खानदेशात फिरताना, १९२९ साली, चाळीसगावात बाबासाहेबांना सवर्ण टांगेवाल्याने न्यायचे नाकारले. आपल्याच वस्तीतल्या नवशिक्या माणसाने हाकलेला टांगा पुलाजवळ उलटला आणि त्यांचा पाय मोडला. १९३० साली समितीचा अहवाल आला. दलित वर्ग, आदिवासी जमाती आणि इतर मागासवर्ग अशी तीन भागांत विभागणी त्यात झाली. शिष्यवृत्त्या वाढवा, वसतिगृहे काढा, स्वतंत्र अधिकारी नेमा, अशा शिफारशी त्यात होत्या. १९३१ साली मुंबई इलाख्यात मागासवर्गीयांसाठी स्वतंत्र खाते सुरू झाले. आजच्या समाजकल्याण खात्याचे मूळ तिथे आहे.

आदिवासींच्या प्रश्नावर बाबासाहेबांनी पुरेसे लिहिले नाही, अशी टीका अधूनमधून होते. त्या टीकेची चर्चा जरूर व्हावी. पण चर्चा करणाऱ्यांनी स्टार्ट समितीही वाचावी, एवढेच आमचे म्हणणे.

१९४२ साली बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री झाले. काही महिन्यांतच त्यांनी अनुसूचित जातींच्या गाऱ्हाण्यांचे सविस्तर निवेदन सरकारपुढे ठेवले. त्यात विज्ञान आणि तंत्रशिक्षणासाठी शिष्यवृत्त्या मागितल्या, परदेशी शिक्षणासाठी वेगळी तरतूद मागितली. बनारस आणि अलिगढच्या विद्यापीठांना केंद्र सरकार अनुदान देते, मग या कोट्यवधी माणसांच्या मुलांसाठी काय, असा त्यांचा बिनतोड युक्तिवाद होता. त्यातून १९४४ साली अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती सुरू झाली, आणि स्वातंत्र्यानंतर, १९४८-४९ पासून, ती अनुसूचित जमातींनाही लागू झाली. रानशेतचा मुलगा आज ज्या योजनेचा अर्ज भरतो, तिचा जन्मदाखला हा असा आहे. राजाची शिष्यवृत्ती मिळालेल्या विद्यार्थ्याने तीस वर्षांनी सरकारच्या तिजोरीतून हजारोंसाठी शिष्यवृत्ती काढली, आणि तिच्या गळ्यात दहा वर्षांच्या नोकरीचा दोर ठेवला नाही. १९४५ साली पीपल्स एज्युकेशन सोसायटी आणि १९४६ साली सिद्धार्थ कॉलेज. नोकरी करून शिकणाऱ्यांसाठी तिथे सकाळी वर्ग भरत. पुढे संविधानाच्या ४६ व्या कलमाने अनुसूचित जाती-जमातींच्या शैक्षणिक हिताची खास काळजी घेणे हे राज्याचे कर्तव्य ठरवले.

दिल्लीत ही शिष्यवृत्ती पहिली पावले टाकत होती, तेव्हा डहाणू-तलासरीत काय चालले होते? लग्नासाठी सावकाराकडून थोडे पैसे घ्यायचे आणि त्या बदल्यात नवरा-बायकोने वर्षानुवर्षे त्याच्या शेतावर राबायचे, अशी लग्नगडीची पद्धत तिथे होती. १९४५ साली वारली उठले. गोदावरी आणि शामराव परुळेकर यांच्या सोबतीने त्यांनी वेठबिगार नाकारली. ऑक्टोबर १९४५ मध्ये तलवाड्याला गोळीबार झाला, माणसे मेली, पण वेठ मोडली. तो लढा लाल बावट्याचा होता, आमचा निळा. तरीही आम्ही त्याला सलाम करतो. कर्जाच्या करारातून सुटलेल्या वारल्याच्या नातवाला शिष्यवृत्तीच्या अर्जाजवळ येता आले, ते या दोन्ही लढ्यांमुळे.

पात्रतेचा फटका आमच्या समाजानेही सोसला आहे. १९५६ साली बाबासाहेबांसोबत लाखो लोकांनी बुद्धाचा धम्म स्वीकारला आणि १९५० च्या आदेशाच्या आधारे केंद्राच्या यादीतून ते बाहेर पडले. महाराष्ट्र राज्याने १९६० पासून नवबौद्धांना सवलती दिल्या. केंद्राला ते करायला १९९० साल उजाडले. धर्म बदलला म्हणून वस्ती बदलली नव्हती, खिसा बदलला नव्हता. तरी कागदावर पात्रता संपली होती. कागद आणि माणूस यांतले हे अंतर आम्ही चौतीस वर्षे भोगले.

आता रानशेतला परत जाऊ. अनुसूचित जमातीचा दाखला पडताळताना ६ सप्टेंबर १९५० च्या आधीचा कागद सर्वांत वजनदार मानला जातो. खोट्या दाखल्यांवर खऱ्या आदिवासींच्या जागा लाटणारे अनेक निघाले, म्हणून पडताळणी हवी, याबद्दल आमचे दुमत नाही. १९९४ साली माधुरी पाटील खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने घालून दिलेली पद्धत याचसाठी होती. पण १९५० पूर्वी ज्याच्या आजोबाने शाळेची पायरी पाहिली नाही, जो सावकाराच्या शेतावर लग्नगडी होता, त्याने शाळेचा दाखला आणायचा कुठून? आजोबाला शाळेबाहेर ठेवणाऱ्या व्यवस्थेला कुणी पुरावा मागितला नाही. नातू मात्र पुराव्याअभावी खिडकीवर अडतो.

उत्पन्नाची मर्यादा घ्या. २०१३ साली ती दोन लाखांवरून अडीच लाख झाली. २०२१ साली अनुसूचित जातींची योजना नव्याने आखली गेली, केंद्राचा वाटा ६० टक्के ठरला, पण मर्यादा तिथेच राहिली. साधा हिशेब करा. नवरा-बायको दोघे मजुरीला जातात, प्रत्येकाला रोज ४०० रुपये मिळाले आणि वर्षात ३१३ दिवस काम मिळाले, तर उत्पन्न २,५०,४०० रुपये. कागदावर हे कुटुंब सधन! चिकूच्या वाडीत, वीटभट्टीवर किंवा मच्छीमार बोटीवर राबणाऱ्याला वर्षभर काम मिळत नाही, हे वेगळे. पण त्याचे खरे उत्पन्न लिहून देणारा मालक कुठे असतो? भट्टीवर गेलेल्या बापाची सही आणायला मुलाने परजिल्ह्यात जायचे, आणि तोवर अर्जाची मुदत संपलेली.

अर्ज मंजूर झाला तरी पैसा वेळेवर येईलच असे नाही. काही ठिकाणी आधी फी भरा, शिष्यवृत्ती आली की परत घ्या, असे मुलांना सांगितले जाते. ज्याच्याकडे आधी भरायला पैसे असतील, तो शिष्यवृत्ती मागेल कशाला? २०१६ साली हैदराबादच्या रोहित वेमुलाने जीव दिला, तेव्हा त्याचे विद्यावेतन कित्येक महिने थकले होते. थकलेले विद्यावेतन म्हणजे नुसती हिशेबातली थकबाकी नव्हे, हे त्याने अख्ख्या देशाला दाखवून दिले.

म्हणून सरकारकडे आमच्या मागण्या स्पष्ट आहेत. उत्पन्नाची मर्यादा महागाईशी जोडा. बापाची किंवा भावाची वैधता झाली असेल तर मुलाला नव्याने फेऱ्या मारायला लावू नका. प्रवेशाच्या वेळी पात्र विद्यार्थ्याकडून फी मागणाऱ्यांवर कारवाई करा. आणि दाखल्यांची शिबिरे तालुक्याला न भरवता आश्रमशाळेत, मूल दहावीत असतानाच भरवा.

पण समाजबांधवांनो, सरकारकडे बोट दाखवून आपली सुटका नाही. आज आमच्यात शिक्षक आहेत, कारकून आहेत, वकील आहेत, तहसील कचेरीत काम करणारे आहेत. यातले बहुतेक बाबासाहेबांनी मिळवलेल्या शिष्यवृत्तीवरच शिकले. जयंतीला आम्ही वर्गणी काढतो, मिरवणूक काढतो. ती जरूर काढावी. पण जून महिन्यात आपल्या तालुक्यातल्या एका मुलाचा अर्ज पुरा होईपर्यंत त्याच्यासोबत खिडकीशी उभे राहणारे आमच्यात किती आहेत? ते मूल बौद्ध असो, मातंग असो, वारली असो की कातकरी. केळुसकर गुरुजी श्रीमंत नव्हते. ते एका गरीब मुलाला घेऊन योग्य दारापर्यंत चालत गेले, एवढेच त्यांनी केले. त्या चालण्यातून या देशाला संविधानाचा शिल्पकार मिळाला.

केळुसकर गुरुजींची गरजच पडू नये अशी व्यवस्था उभी करण्यासाठी बाबासाहेब झिजले. ती व्यवस्था जोवर रानशेतच्या खिडकीपर्यंत नीट पोहोचत नाही, तोवर आपल्यापैकी प्रत्येकाने केळुसकर गुरुजी व्हावे, हेच आमचे मागणे. जय भीम!